विंचू उतरला, पण विष?

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून कोकणातल्या गावी पोचलेल्या मुलांना आजी पहिल्याच दिवशी काही नियम ऐकवते. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही. खुंटीवरचा शर्ट झाडल्याशिवाय अंगात चढवायचा नाही. रात्री अंगणात उतरायचं तर हातात बॅटरी हवी. आणि गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही म्हणजे नाही! शहरातल्या मुलांना याची गंमत वाटते. पण आजी गंमत करत नसते. या घरात आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी बिऱ्हाड आहे, एवढंच ती सांगत असते.

बिऱ्हाड हा शब्द इथे अगदी चपखल आहे. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण फिरतीची नोकरी करणाऱ्या माणसाला लावतो. पण ती ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याने विंचवीण नीट पाहिलेली असणार. विंचवीण अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. ही पांढुरकी, इवलीशी पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच मुक्कामाला असतात. आपल्या भाषेत विंचू असा ठिकठिकाणी भेटतो. हार मानणाऱ्याने 'नांगी टाकली' असं आपण म्हणतो. संत एकनाथांनी तर काम-क्रोधालाच विंचू ठरवून भारूड रचलं. ज्या प्राण्याशी रोजचा संबंध येतो, तोच असा भाषेत शिरतो.

रोजचा संबंध कसा, ते कोकणातलं घर पाहिलं की कळतं. जांभ्या दगडाच्या भिंती, त्यांच्या सांध्यातल्या फटी, वरती कौलं, पडवीत रचलेली लाकडं, गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी, परसात झावळ्यांचा ढीग आणि भोवती नुसते दगडावर दगड ठेवून घातलेला गडगा. विंचवाला याहून सोयीची वस्ती कुठली मिळणार? दिवसभर फटीत बसायचं, अंधार पडला की झुरळं, रातकिडे टिपायला बाहेर पडायचं. विंचू हा कीटक नाही, आठ पायांचा आहे आणि कोळ्याच्या गणगोतातला आहे. फार खावंही लागत नाही त्याला. उपासमारीत तो महिनोन् महिने तग धरतो.

माणसाच्या मागे लागून तो कधी चावत नाही. विष हे त्याचं शिकारीचं आणि बचावाचं हत्यार, ते तो जपून वापरतो. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या कंदकूर गावी नागपंचमीला लोक डोंगरावर जाऊन दगडाखालचे विंचू काढतात आणि चक्क हातावर, अंगावर खेळवतात. त्याचं अनुकरण कुणीही करू नये. पण विंचू आपणहून भांडण काढत नाही, एवढं त्यातून दिसतं. तो नांगी मारतो ती दाबला गेला की. म्हणजे चपलेत पाय गेला, मोळी उचलताना बोटाखाली आला, झोपेत कूस बदलताना अंगाखाली सापडला की. आजीचे सारे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

आता विंचवाविंचवातही फरक असतो. मोठी, काळीकभिन्न इंगळी पाहून आपली बोबडी वळते. तिचे पुढचे चिमटे चांगले जाडजूड, शेपटी त्या मानाने बारीक. ती चावली तर ठणका जबर, पण जिवावर बेतणं विरळा. खरा धोका आहे तो लालसर तपकिरी रंगाच्या, दोन-तीन इंच लांबीच्या विंचवाचा. याचे चिमटे नाजूक आणि शेपटी जाड. हा लाल विंचू कोकणात आहे, तसाच पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, कर्नाटकात, आंध्रात, तामिळनाडूत आणि सौराष्ट्रातही आहे. दिसायला किरकोळ, पण जगातल्या सर्वांत घातक विंचवांमध्ये त्याची गणना होते.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणा. दहा वाजलेत. सहा-सात वर्षांचा मुलगा पडवीतून चुलीसाठी लाकूड आणायला गेला आणि किंचाळत आत आला. बोटाला विंचू चावला. घरात एकच धावपळ! कुणी चिंचोका उगाळून लावतं, कुणी आघाड्याचं मूळ शोधायला पळतं, कुणी वाडीतल्या जाणत्या माणसाला बोलावून आणतं. तो मंत्र पुटपुटत खांद्यापासून बोटांकडे हात उतरवत नेतो. ''दुखणं कुठवर आलं, बाळा?'' ''कोपरापर्यंत.'' ''आता?'' ''मनगटाशी.'' तासाभरात पोराचं रडणं थांबतं. ''उतरला बघ विंचू. झोपू दे आता त्याला,'' आजी म्हणते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

पोराची बंडी मात्र घामाने चिंब झालीय. दोनदा उलटी झालीय. हातपाय गार पडलेत. भीतीने घाम आला असेल, रडून रडून उलटी झाली असेल, असं म्हणत त्याला गोधडी पांघरली जाते. आणि पहाटे ते मूल धापा टाकत उठून बसतं. खोकला थांबत नाही, तोंडाशी गुलाबी फेस येतो. आता गाडी शोधायची, घाट उतरायचा, दवाखाना गाठायचा...

हा प्रसंग समजुतीपुरता रचला असला, तरी अशा पहाटा कोकणातल्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिल्यात. चूक कुठे झाली? घरच्यांनी जिवाचं रान केलं होतं. पण ते मोजत होते दुखणं. आणि लाल विंचवाच्या बाबतीत दुखण्याच्या मापाने विष मोजता येत नाही. उलट अनुभव असा, की ज्याला नुसताच भयंकर ठणका लागलाय आणि बाकी काही नाही, तो बहुधा सुखरूप असतो. ज्याचं विष अंगात भिनलंय, त्याला चावल्या जागी फारसं दुखतही नसतं. एवढंच नव्हे, तर असा रोगी बरा होऊ लागला की चावल्या जागचं दुखणं परत जागं होतं! म्हणजे मांत्रिक ज्याला 'उतरला' म्हणतो, ती वेळ कधीकधी विष चढण्याची असते.

मग इतकी वर्षं लोक मंत्रावर विश्वास का ठेवत आले? कारण सोपं आहे. बहुतेक विंचवांचं विष माणसाला मारण्याइतकं जहाल नसतं. लाल विंचूही दर वेळी सगळं विष ओतत नाही. काही तासांत ठणका आपोआप ओसरतो. तेवढ्या वेळात जो कुणी शेजारी बसलेला असेल, त्याला यश मिळतं. शंभरातले बहुसंख्य असे 'उतरतात' आणि त्यांचीच कहाणी गावभर होते. शिवाय रात्री अकरा वाजता वाडीत हाकेच्या अंतरावर असतो तो जाणता माणूसच. डॉक्टर असतो डोंगरापलीकडे. त्यामुळे लोकांना अडाणी म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही.

खुद्द डॉक्टरांच्या हातीही एके काळी फारसं काही नव्हतं. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि खेळती मुलं डोळ्यांदेखत फुफ्फुसात पाणी भरून दगावताना त्यांनी पाहिली. पुस्तकात यावर धड उपचार सापडेना. तेव्हा हा माणूस रोग्यांच्या उशाशी बसून राहिला. कधी घाम येतो, कधी उलटी होते, नाडी कशी चालते, रक्तदाब कधी चढतो नि कधी कोसळतो, ते सारं टिपत गेला. १९८२ साली ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

या निरीक्षणांतून कोडं उलगडत गेलं. लाल विंचवाचं विष शरीरातल्या नसांना असं काही डिवचतं, की ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्तदाब वाढतो, हातपाय गार पडतात, घामाच्या धारा लागतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. मग उपाय काय? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. त्यासाठी प्रॅझोसिन नावाची रक्तदाबावरची जुनी, स्वस्त गोळी डॉ. बावस्करांनी वापरून पाहिली आणि रोगी वाचू लागले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली हे 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडलं. १९८४ पूर्वी पश्चिम भारतात विंचूदंशाने अत्यवस्थ झालेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस दगावत. या गोळीनंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं. कोकणातल्या छोट्याशा दवाखान्यात सुरू झालेला उपचार मग परदेशातही पोचला. २०२२ साली डॉ. बावस्करांना 'पद्मश्री' मिळाली.

पुढे प्रतिविषाची लसही आली. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झालेली ही लस आणि प्रॅझोसिन एकत्र दिलं तर काय होतं, याची पडताळणी बावस्कर दांपत्याने ७० रोग्यांवर केली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती प्रसिद्ध केली. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ जणांपैकी तेवढ्या वेळात ८ जण पूर्ण बरे झाले. म्हणजे औषध आहे, गुण देणारं आहे. प्रश्न उरतो तो रोगी वेळेत पोचण्याचा.

म्हणूनच काय मोजायचं, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय, छातीत धडधड, धाप. यातलं एकही लक्षण दिसलं तर क्षणाचाही विलंब नको. मग दुखणं असो वा नसो! आणखी एक लक्षण संकोचामुळे लपवलं जातं. विष भिनत असेल तर मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या लिंगाला विनाकारण ताठरता येते. डॉक्टरांच्या दृष्टीने ती धोक्याची आगाऊ सूचना असते. आईने मुलाचे कपडे बदलताना हे पाहावं आणि डॉक्टरांना न लाजता सांगावं.

लहान मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये. शरीर लहान, विष तेवढंच. त्यामुळे मुलाला विंचू चावला की तडक दवाखाना गाठायचा. निघण्यापूर्वी काय करायचं? चावलेली जागा साबण-पाण्याने धुवायची. फडक्यात गुंडाळलेला बर्फ तिथे धरायचा, ठणका थोडा कमी होतो. माणसाला धीर द्यायचा, चालवत न्यायचं नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवायची, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. जागा चिरायची नाही, चोखायची नाही, वर दोरी आवळायची नाही, कसलीही पूड किंवा रसायन भरायचं नाही. विंचू समोरच दिसला तर दुरून मोबाइलवर फोटो काढा, पण त्याला शोधण्यात वेळ घालवू नका. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा.

दवाखान्यात चावल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं की ठणका पटकन थांबतो. तेव्हाही घरी पळायची घाई करू नका. डॉक्टर काही तास थांबवून घेतात ते उगाच नाही. दुखणं थांबलं म्हणजे विष गेलं, हा हिशोब मंत्राने चुकतो तसा इंजेक्शनानेही चुकतो. आणि प्रॅझोसिनची गोळी घरी आणून आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. रोग्याला आडवं ठेवून, नाडी आणि रक्तदाब बघत ती द्यावी लागते.

गावातल्या जाणत्या माणसाशी वाकडं घ्यायचंही काही कारण नाही. त्याच्या शब्दाला वाडीत वजन असतं. त्यानेच पहिल्यांदा ''अंगारा लावतो, पण आधी रिक्षा बोलवा'' असं म्हटलं, तर ती रिक्षा चटकन येईल. मंत्र म्हणायचाच असेल तर तो दवाखान्याच्या वाटेवरही म्हणता येतो.

विंचवांना गावातून हद्दपार करणं कुणाच्याच हाती नाही, पण बिऱ्हाड थोडं लांब सरकवता येतं. लाकडं, शेणी, झावळ्या, कौलांचे तुकडे घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. भिंतीच्या फटी लिंपून घ्याव्यात. घरात झुरळं कमी झाली की विंचवाचं जेवणच कमी होतं. कोंबड्या विंचू टिपतात, त्यामुळे परसातल्या चार कोंबड्याही उपयोगाच्या. जमिनीवर झोपण्यापेक्षा भिंतीपासून थोडी दूर ठेवलेली खाट बरी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी. मुलं झोपण्यापूर्वी अंथरूण झटकायचं. दगड उचलायचा, मोळी सोडायची, पेंढा ओढायचा तर आधी काठीने हलवून बघायचं. उन्हाळ्याचे दिवस आणि भातकापणीच्या सुमाराचा काळ विशेष सांभाळायचा.

एक गंमतही सांगून ठेवतो. बनावट नोटा ओळखायला जांभळ्या प्रकाशाचा जो छोटा दिवा वापरतात, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री अशी बॅटरी गडग्यावरून फिरवलीत तर आपले शेजारी किती आहेत ते कळेल! मुलांना हा खेळ फार आवडतो. फक्त तो मोठ्यांच्या सोबत आणि दुरूनच खेळायचा.

गावाकडे डंख मारणारे आणखीही असतातच. गांधीलमाशी असते, घोण असते, कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ असतं. इथेही दुखण्याच्या मापाने फसू नका. एक मधमाशी चावली आणि ती जागा सुजली, ठणकली, तर ते सहसा निभावतं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ती ॲलर्जी आहे. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि विष सोडत राहतो, तो लगेच काढून टाकावा. आग्या मोहोळ उठलं तर हात झाडत उभं राहू नये. तोंड-डोळे झाकून पळावं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरावं. पुष्कळ माश्या चावल्या असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखान्यात जायलाच हवं, कारण तेव्हा विषाची मात्राच मोठी असते.

यंदा गावी जाल तेव्हा आजी नेहमीचे नियम सांगेलच. चप्पल झटका, शर्ट झाडा, बॅटरी घ्या. तिचे नियम बिनचूक आहेत, ते पाळा. फक्त पहिल्याच संध्याकाळी पडवीत बसून तिच्याशी आणखी दोन गोष्टी बोलून घ्या. विंचूदंशावर उपचार करणारा जवळचा दवाखाना कुठला आणि रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल, ते विचारा. तो फोन नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि 'उतरला बघ विंचू' असं म्हणण्याआधी पोराच्या कपाळावरचा घाम नि तळपायाचा गारवा पाहायचा, हे आजीला तेव्हाच सांगून ठेवा. ती ऐकेल. नातवंडांसाठीच तर ती चपला झटकायला सांगत असते.